खोडी म्हणावी कीं छळ?

घरांत पाळलेल्या टेरियर जातीच्या कुत्र्यानें मांजराची शेपटी ओढली, सशाच्या पिंजऱ्याभोंवतीं घिरट्या घालून त्याला कोपऱ्यांत दबून बसविलें, किंवा झोपलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या कानाचा चावा घेऊन पळ काढला, कीं घरांतील मंडळी हंसतात. 'काय खोडकर आहे!' हा त्यांचा उद्गार कौतुकाचा असतो. हल्लीं तर हें दृश्य भ्रमणध्वनीवर टिपून शेंकडों अनोळखी लोकांना दाखविण्यांत येतें, आणि तेहि हंसतात. या हंसण्यावर आमचा आक्षेप आहे. कुत्र्यावर नाहीं, कुत्रा आपल्या परीनें निर्दोष आहे. दोष हंसणारांचा आहे, आणि तो किरकोळ नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम हा प्राणी कोण, हें समजून घेतलें पाहिजे. 'टेरियर' हें नांव 'भूमि' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून, फ्रेंच भाषेच्या मार्गानें आलेलें आहे. जमिनींतील बिळांत शिरून खोकडाला हुसकून बाहेर काढणें, उंदीर-घुशींना पकडून मानेपाशीं झटका देऊन मारणें, या कामासाठीं इंग्लंड-स्कॉटलंडांतील लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून ही जात घडविली. डेव्हन परगण्यांतील जॉन रसेल (१७९५-१८८३) या शिकारप्रिय पाद्र्याचें नांव आज ज्या टेरियरला चिकटलें आहे, तोहि याच कुळींतला. लंडनमधील वेस्टमिन्स्टरच्या आखाड्यांत १८२३ सालीं 'बिली' नांवाच्या कुत्र्यानें साडेपांच मिनिटांत १०० उंदीर मारले, तेव्हां भोंवतीं जमलेल्या सभ्य-असभ्य गर्दीनें पैजा लाविल्या होत्या. तात्पर्य, ज्याला आपण खोडकरपणा म्हणतों, तो या प्राण्याचा पिढीजाद धंदा आहे. आणि त्या धंद्याची दीक्षा त्याला माणसानेंच दिलेली आहे.

आपल्याकडील जुन्या घरांना तर एक टेरियर फार दिवसांपासून परिचयाचा आहे. गाण्याच्या तबकडीवर कर्ण्यापुढें मान कलती करून धन्याचा आवाज ऐकत बसलेला तो कुत्रा म्हणजे 'निपर'. १८८४ सालीं जन्मलेला आणि १८९५ सालीं वारलेला हा प्राणी पुढें फ्रान्सिस बॅरो या चित्रकाराच्या घरांत राहिला. आपण त्याच्या मुद्रेंत निष्ठा व शांति पाहिली. परंतु 'निपर' हें नांव त्याला आल्यागेल्याच्या पायांचे चावे घेण्याच्या संवयीवरून मिळालें, असें सांगतात. चित्र धन्याला दिसतें तसें काढलेलें असतें. ज्याच्या पायाचा चावा घेतला गेला, त्याचें चित्र कोणी काढीत नाहीं. घरांतील मांजराची आणि सशाची गत नेमकी हीच आहे.

आमच्या म्हणण्यावर पहिलें उत्तर असें मिळतें कीं, 'अहो, तीं खेळतात.' खेळ असेल तर आमची कांहींच तक्रार नाहीं. परंतु खेळाला नियम असतात. खरोखर खेळणारा कुत्रा पुढचे पाय टेकून, मागचा भाग उंचावून आमंत्रण देतो. कधीं आपण पळतो, कधीं दुसऱ्याला पळूं देतो. मध्येंच थांबतो, आणि सोडलेला भिडू आपण होऊन परत येतो. ही शेवटची कसोटी कोणाहि गृहस्थाला घरच्या घरीं लावून पाहतां येईल. कुत्र्याला क्षणभर धरून ठेवा, आणि मांजर काय करतें तें पहा. तें परत आलें तर खेळ. कपाटावर चढून, कान मागें पाडून, डोळे विस्फारून बसलें तर तो छळ. 'मांजराचा होतो खेळ, उंदराचा जातो जीव' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलों. येथें मांजरच उंदराच्या जागीं उभें आहे, एवढाच फरक.

आणि जीव जातो, ही येथें नुसती म्हण नव्हे. सततच्या धास्तीनें मांजराच्या मूत्राशयाला सूज येते, हें पशुवैद्यांस चांगलें ठाऊक आहे. बोक्यांत या विकारानें कधीं मूत्रमार्गच बंद होतो. आणि वेळीं उपचार न झाल्यास दोन-चार दिवसांत प्राणावर बेततें. ससा तर याहून नाजूक. तो सहसा ओरडत नाहीं, उलटून चावावयास क्वचितच धजतो. भीतीनें तो खाणें टाकतो, आणि खाणें थांबलें कीं त्याच्या आंतड्यांचें चलनवलन मंदावून तो दगावण्याचा संभव असतो. कुत्र्यानें त्याला दांतहि न लावतां हें घडूं शकतें. 'आमच्या कुत्र्यानें कधीं त्याला इजा केली नाहीं,' असें म्हणणाऱ्या गृहस्थानें इजा म्हणजे रक्त एवढाच अर्थ धरलेला असतो.

दुसरें उत्तर असें कीं, 'हा त्याचा स्वभावच. त्याला आपण काय करणार?' स्वभाव आहे, हें आम्हीच वर सांगितलें. परंतु त्यावरून निष्कर्ष नेमका उलट निघतो. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं पांच जातींच्या कुत्र्यांवर अनेक वर्षें प्रयोग करून १९६५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत फॉक्स टेरियरच्या पिल्लांविषयीं असें आढळलें कीं, अवघ्या कांहीं आठवड्यांचीं भावंडें टोळी करून आपल्यांतल्याच एकावर तुटून पडत, आणि त्या बळी पडलेल्या पिल्लाला अखेर माणसाला वेगळें काढावें लागे. सख्ख्या भावाच्या बाबतींत जेथें माणसाला मध्यें पडावें लागलें, तेथें परजातीच्या मांजर-सशांच्या बाबतींत हात बांधून बसण्याचा आपल्याला काय अधिकार? स्वभाव हें कुत्र्याचें समर्थन होऊं शकेल. तो स्वभाव जाणून त्याला घरांत आणणाऱ्या धन्याचें तें समर्थन नव्हे.

मग कुत्र्याला बडवावें काय? मुळींच नाहीं. मारानें तो एवढेंच शिकतो कीं, मांजर जवळ आलें म्हणजे आपल्याला मार बसतो. आणि त्याचा राग मांजरावरच निघतो. उपाय दुसरे आहेत, आणि ते साधे आहेत. पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ ओळखीपाळखीचा असतो, असें त्याच शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. त्या काळांत मांजराशीं सावध ओळख करून द्यावी. ज्याच्या रक्तांत उकरणें आहे, त्याला उकरण्यासाठीं मातीनें भरलेली एक पेटी द्यावी. लपविलेला खाऊ हुंगून शोधावयास लावावा. रोज दोन वेळां चांगलें दमेपर्यंत फिरवून आणावें. मांजराला उंचावर फळी असावी, आणि तिचें खाणें व मलमूत्राचें पात्र कुत्र्याला पोंचणार नाहीं अशा ठिकाणीं असावें. सशाला तर टेरियरबरोबर एकटें कधींच सोडूं नये. ज्याला एवढें करण्यास सवड नसेल, त्यानें टेरियर आणूं नये. बिनकामाचा कामकरी घरांत उपद्रवच करणार.

इंग्लंडांत १८३५ च्या कायद्यानें बैल आणि अस्वलें यांवर कुत्रे सोडण्याचे खेळ बंद झाले. उंदरांचे आखाडे मात्र पुढेंहि कित्येक वर्षें चालूं राहिले, कारण उंदराचा कैवार कोण घेणार? आपल्याकडे १९६० च्या कायद्यानें निव्वळ करमणुकीसाठीं एका जनावराला दुसऱ्यावर चिथावणें हा अपराध ठरविला आहे. दिवाणखान्यांत 'छू' म्हणून कुत्र्याला मांजराकडे पाठविणारे आणि यंत्र सरसावून बसणारे गृहस्थ त्या शब्दांशीं आपलें वर्तन ताडून पाहतील तर बरें.

परंतु आमची खरी चिंता कायद्याची नाहीं, मुलांची आहे. ज्या घरांत दुबळ्याची त्रेधा पाहून थोर माणसें हंसतात, त्या घरांतील मूल दोन धडे घेतें: बळकटाचा त्रास ही गंमत असते, आणि त्रास सोसणाऱ्यानें तक्रार केली तर तो रडका ठरतो. हे धडे मांजरापाशीं थांबत नाहींत. शाळेंतील मुकाट्याच्या मुलापर्यंत, घरकामाच्या बाईपर्यंत, नव्या सुनेपर्यंत ते पोंचतात. आणि तेथेंहि पुन्हां 'थट्टा केली हो!' हेंच उत्तर तयार असतें. थट्टा कोणती आणि छळ कोणता, हें ठरविण्याचा अधिकार करणाऱ्याचा नव्हे, सोसणाऱ्याचा आहे. मुक्या प्राण्याला तो अधिकार बोलून बजावतां येत नाहीं. म्हणूनच त्याच्या वतीनें तो बजावणें हें घरधन्याचें कर्तव्य होय.