दुसरे घर घेण्याआधी

गणपती आटोपले, मुंबईची मंडळी परत गेली, की आमच्या रत्नागिरीत घरोघरी एक विषय हमखास निघतो. "थोडे पैसे साठलेत. सोनं घ्यावं, की एखादा फ्लॅट घेऊन टाकावा? भाडं तरी येईल." हल्ली हा प्रश्न पुरुषांइतकाच बायकाही विचारतात, याचे मला फार बरे वाटते. नोकरी करणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या, पापड-लोणच्यांतून चार पैसे बाजूला टाकणाऱ्या मैत्रिणींसाठी आज त्याविषयीच लिहिते आहे. राहते घर आहे, दुसरे पहिल्यांदाच भाड्यासाठी घ्यायचे आहे, तर सुरुवात कुठून करावी?

माझे उत्तर ऐकून कदाचित हसाल. सुरुवात घर घेण्यापासून करूच नये. आधी वर्षभर घरमालकीण व्हायला शिकावे!

ते कसे? आपल्या गावात बंद घरांना काही तोटा नाही. दिरांचा नाचण्याला फ्लॅट, मामेसासऱ्यांचा मारुती मंदिराजवळ ब्लॉक. मालक मुंबईला, आणि कुलूप उघडायचे ते मे महिन्यात आणि गणपतीत. अशा एखाद्या नातलगाला विचारा, "मी भाडेकरू बघते, देखरेख करते, चालेल?" नाहीतर स्वतःच्या घराची माडीवरची खोली तरी असतेच. भाडेकरूही मिळतात. बदलीवर आलेले बँकेतले लोक, शिरगावच्या फिशरीज कॉलेजचे विद्यार्थी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातली मुले, रुग्णालयातल्या परिचारिका यांना जागा लागतेच. वर्षभरात कळते, की दोन भाडेकरूंच्या मध्ये जागा किती दिवस रिकामी राहते, ऐन पावसात नळ फुटला तर कोण धावून येतो, आणि भाडे मागताना आपली जीभ किती अडखळते ते! हे शिक्षण लाखो रुपये घालण्याआधी झालेले बरे.

मात्र तोंडी व्यवहार नको, भाडेकरू ओळखीचा असला तरी नको. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?" असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. अकरा महिन्यांचा असला तरी नोंदणी लागते. करार नोंदलेला नसेल आणि तंटा झाला, तर भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जाण्याची शक्यता असते. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइनही होते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायला विसरू नका.

वर्ष झाले, की वही घेऊन बसा. मी शाळेत आठवीच्या मुलांना सरळव्याज शिकवते. त्याहून अवघड गणित यात नाही. समजा, फ्लॅटची किंमत ३० लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, वकील, किरकोळ डागडुजी धरून तो ३२ लाखांना पडला. भाडे महिना ८ हजार. एजंट म्हणतो, "वहिनी, वर्षाला ९६ हजार!" पण एक महिना जागा रिकामी गेली, राहिले ८८ हजार. सोसायटीचे महिना हजार, म्हणजे १२ हजार गेले. घरपट्टीचे ४ हजार आणि रंग, नळ, गळती यांचे ८ हजार वजा करा. हातात उरले ६४ हजार. ३२ लाखांवर ६४ हजार म्हणजे शेकडा २. बँकेची मुदत ठेव याहून जास्त देते, आणि तिला पावसाळ्यात गळती लागत नाही!

आता यात कर्ज मिळवा. २० लाख, २० वर्षे, व्याज ९ टक्के, तर हप्ता येतो साधारण १८ हजार. भाडे ८ हजार. वरचे १० हजार दरमहा कुणाच्या पगारातून जाणार? "भाड्यातून हप्ता फिटेल" असे कोणी सांगितले, तर हे गणित त्यांच्यापुढे ठेवा.

मग घेऊच नये का? तसे मुळीच नाही. जागेचा भाव वाढतो, हा यातला मोठा फायदा. पण तो किती आणि कधी वाढेल, हे कोणी लिहून देत नाही. म्हणून माझा साधा नियम असा, की भाडे एक पैसाही आले नाही तरी हप्ता झेपत असेल, आणि मुलांचे शिक्षण व आजारपण यांचे पैसे वेगळे ठेवलेले असतील, तरच पुढे जावे. अडीनडीला बांगडी सराफाकडे नेली तर संध्याकाळपर्यंत पैसे हातात येतात. फ्लॅटचे तसे नाही. गिऱ्हाईक मिळायला महिने जातात.

आता कागद. नवी इमारत असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा आणि महारेराच्या संकेतस्थळावर मंजूर नकाशा, काम पुरे करण्याची तारीख, चालू दावे पाहा. २०१६ च्या या कायद्याने करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. आपल्याकडे अशा लहान इमारती पुष्कळ. तिथे कागद अधिक डोळसपणे पाहावे लागतात. मंजूर नकाशा आणि भोगवटा दाखला हातात घेऊन मजले मोजा. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत १९८० च्या दशकात परवानगी पाच मजल्यांची असताना इमारती त्याहून कितीतरी उंच उठल्या. लोकांनी फ्लॅट घेतले, संसार मांडले, आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदाच ठरवले.

जुने घर किंवा जमीन असेल तर सातबारा, फेरफार, शहरात मिळकत पत्रिका बघा आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या. आपल्या कोकणात एका सातबाऱ्यावर दहा-पंधरा नावे सहज असतात. त्यातले कोणी बोरिवलीला, कोणी बडोद्याला. "त्यांचं काही म्हणणं नाही," असे विकणारा सांगतो. म्हणणे नसेल तर सही करायला काय हरकत आहे? मुलींच्याही सह्या हव्यात. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे. हे वाचताना तुमच्या माहेरच्या सातबाऱ्याची आठवण झाली ना? हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी ते पुरते वाचा, एवढेच सांगते.

आणि आंब्याच्या कलमांसह गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या प्लॉटची जाहिरात पाहून भुलू नका. शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. "बिनशेती होणारच आहे" या शब्दावर पैसे देऊ नयेत. झाल्याचा कागद दाखवा म्हणावे. समुद्र दिसतो अशी जागा असेल, तर किनारा नियमन क्षेत्रात बांधकाम चालते का, हेही आधी विचारा.

फ्लॅट पाहायला जायचे ते जुलैत! आपल्याकडे वर्षाला ३ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. उन्हाळ्यात रंगवलेली भिंत सगळे झाकते, आषाढात ती स्वतःच बोलायला लागते. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा, गच्चीखालच्या छताकडे बघा, खिडकीच्या गजांचा गंज बघा. खारा वारा लोखंडाला सोडत नाही. पाण्याची चौकशी मात्र मे महिन्यात करा. टँकर किती लागतो आणि त्याचे पैसे कोण देतो, हे शेजारणी खरे सांगतात.

शेवटचे, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. घर कुणाच्या नावावर? माझ्या ओळखीच्या एक वहिनी आहेत. त्यांनी पाटल्या मोडून इसाऱ्याचे पैसे उभे केले. करारावर नावे लागली यजमानांची आणि मोठ्या दिरांची. यजमान अचानक गेले. त्यांचा जो अर्धा हिस्सा, त्यात सासूबाई, दोन मुले आणि वहिनी असे चार वाटे झाले. पाटल्या चारही वहिनींच्या, वाटा मात्र अर्ध्यातला पाव! घरातले सगळे भले लोक आहेत, कोणी फसवले नाही. फक्त कागदावर त्यांचे नाव घालायचे कुणाला सुचले नाही.

१ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे घर घेतले, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. ३० लाखांवर ते ३० हजार होतात. जोडीला यजमानांचे नाव असेल तर ही सवलत नाही, पण निदान तुमचे नाव तरी करारात असलेच पाहिजे. आणखी एक बारीक गोष्ट. यजमानांनी दिलेल्या पैशांतून तुमच्या नावे घर घेतले, तर भाड्याचे उत्पन्न आयकरात त्यांच्याच उत्पन्नात धरतात. म्हणून स्वतःचे सोने मोडले असेल तर सराफाची पावती आणि बँकेची नोंद जपून ठेवा. तुमचा पैसा कोणता, हे त्यावरून कळते.

तर मैत्रिणींनो, या आठवड्यात फ्लॅट बघायला धावू नका. एक वही आणा. पहिल्या पानावर तुमच्याजवळ स्वतःचे किती आहे ते लिहा, दुसऱ्यावर दरमहा किती झेपेल ते, आणि तिसऱ्यावर ओळखीतल्या बंद घरांची यादी करा. बघा, तिसरे पान लगेच भरेल!