वाद्याच्या पेटीतली हवा सांभाळा

तुमच्या घरी आजी-आजोबांचं एखादं लाकडी वाद्य आहे का? तंबोरा, सतार, व्हायोलिन, काहीही? मग आज ते पेटीतून काढून एकदा नीट पाहा. मी पाहायला उशीर केला.

माझी आजी तिरुवैयारुची, घरात तंजावुरी मराठी बोलणारी. तंजावरपासून 13 किलोमीटरवर, कावेरीकाठी हे गाव आहे. संत त्यागराजांची समाधी इथेच. दरवर्षी पौष वद्य पंचमीला शेकडो गायक-वादक इथे एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती सादर करतात. आजीनेही त्या गर्दीत बसून वीणा वाजवली आहे.

दोन वर्षांपूर्वी तिने ती वीणा मला दिली. मी पुण्याला आणली, एसीसमोरच्या कपाटावर ठेवली आणि नोकरीच्या धावपळीत विसरले. एप्रिलमध्ये पेटी उघडली, तर भोपळ्यावर बोटभर लांब तडा! आजीला फोनवर सांगताना रडू आलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “अगं, तिला तिथली हवा सोसली नाही.”

तडा का जातो?

तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. लाकूड हवेतलं पाणी शोषतं तेव्हा फुगतं, सोडतं तेव्हा आकसतं. कावेरीकाठची हवा दमट. पुण्यात उन्हाळ्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता 30 टक्क्यांच्याही खाली जाते. लाकूड घाईने आकसलं, की रेषेच्या दिशेने फाटतं. उलट, फार ओल झाली तर बुरशी येते, सांधे सुटतात.

सिगार जपणारे लोक हे कोडं फार पूर्वी सोडवून बसले आहेत. तिरुवैयारुहून जवळच असलेल्या तिरुच्चीचे चुरूट इंग्रजांच्या काळात विलायतेपर्यंत जात. असे चुरूट सुकू नयेत म्हणून देवदारासारख्या सुवासिक लाकडाचं अस्तर असलेली घट्ट झाकणाची पेटी वापरतात आणि आत साधारण 65 ते 70 टक्के आर्द्रता राखतात. चुरूट आपल्याला नकोतच, पण पेटीची युक्ती घ्यायला हरकत नाही. वाद्यासाठी मात्र आकडा 45 ते 55 टक्के ठेवा.

काय करायचं?

• आधी मोजा. छोटा डिजिटल आर्द्रतामापक काहीशे रुपयांत मिळतो. तो पेटीत ठेवा.

• मापक तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या. त्यात पाण्याचे थोडे थेंब टाका. मीठ ओल्या वाळूसारखं दिसावं, विरघळू नये. झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत एक दिवस ठेवा. मापकाने 75 दाखवायला हवं. 70 दाखवलं, तर पुढे प्रत्येक वेळी 5 मिळवून वाचा.

• हवा कोरडी असेल तर भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत घट्ट पिळलेला स्पंज ठेवा. पाणी डिस्टिल्ड घ्या. स्पंज लाकडाला लागता कामा नये. आठवड्यातून एकदा पाहा.

• हवा दमट असेल तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. मुलांच्या हाताला लागू देऊ नका. तांदूळ नकोत, किडे होतात.

• कटकट नको असेल तर गरजेप्रमाणे ओल देणाऱ्या आणि शोषणाऱ्या तयार पुड्या वाद्यांच्या दुकानांत मिळतात. महाग आहेत, पण आकडा फारसा हलू देत नाहीत.

• जागा बदला. एसीचा झोत, स्वयंपाकघर, न्हाणीघराची भिंत आणि ऊन यांपासून पेटी दूर ठेवा. वीणेचे 24 पडदे मेणात बसवलेले असतात. मे महिन्यात बंद गाडीत ठेवली, तर मेण मऊ होऊन पडदे सरकतात आणि सूर बिघडतात.

• प्रवासानंतर घाई नको. घरी पोचल्यावर पेटी काही तास बंदच राहू द्या, मग उघडा.

आकडा एखाद-दोन टक्क्यांनी इकडे-तिकडे झाला तर घाबरू नका. खरं नुकसान अचानक बदलाने होतं.

आजीची वीणा

वीणा तंजावरला एका कारागिराकडे नेली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “पुण्यात कुठे ठेवली होती?” मी मान खाली घालून एसीचं सांगितलं. लाकडाचा भुसा आणि सरस भरून त्यांनी तडा बुजवला. रेघ अजून दिसते, पण आवाज पुष्कळसा परत आला आहे.

आता पेटीत मापक आहे. दर रविवारी मी आकड्याचा फोटो आजीला पाठवते. 52 दिसले की तिच्याकडून हात जोडलेला इमोजी येतो. 40 दिसले की थेट फोन!

तुमच्या घरच्या पेटीत आज किती आकडा आहे? मोजा आणि ते वाद्य ज्यांचं आहे, त्यांनाही कळवा.