अश्रू आणि ठराव

हातकणंगले तालुक्यातील माणगाव हे गाव महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात २१ व २२ मार्च १९२० या दोन दिवसांमुळे कायमचे नोंदले गेले आहे. राजर्षी शाहू छत्रपतींच्या उपस्थितीत आणि तरुण डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली तेथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. सार्वजनिक रस्ते, विहिरी व शाळा यांचा वापर हा कोणाच्या मेहरबानीचा विषय नसून माणसाचा हक्क आहे, हे त्या परिषदेने ठरावांच्या नि:संदिग्ध भाषेत सांगितले. माणगावला जवळचे स्थानक रुकडीचे. मिरजेहून हातकणंगले, रुकडी असे करीत कोल्हापूरला जाणारा तो लोहमार्ग १८९१ पासून या मुलखातून धावत आहे. माणगावनंतर सोळा वर्षांनी, अशाच एका लोहमार्गाच्या फाटकावर, हिंदी चित्रपटाने एका अस्पृश्य मुलीचा बळी दिला आणि सारा देश तिच्यासाठी रडला. चित्रपट होता 'अछूत कन्या', साल १९३६. तो दिग्दर्शित करणारे फ्रान्झ ओस्टेन हे म्युनिकचे जर्मन गृहस्थ होते. त्याच १९३६ साली ते हिटलरच्या पक्षाचे सभासद झाले.

ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासातील एक चमत्कारिक योगायोग म्हणून सांगितली जाते आणि तेथेच सोडून दिली जाते. परिवर्तनाच्या चळवळीला मात्र ती तशी सोडता येणार नाही. जो मनुष्य मळाडच्या स्टुडिओत अस्पृश्यतेच्या अन्यायावर प्रेक्षकांचे डोळे ओले करतो, तोच मायदेशात माणसांची जन्मावरून प्रतवारी करणाऱ्या पक्षाचे सभासदत्व घेतो, हे कसे शक्य झाले? या प्रश्नाच्या उत्तरात करुणेच्या मर्यादेचा एक धडा आहे, आणि तो आजही शिळा झालेला नाही.

ओस्टेन यांचा जन्म १८७६ सालचा. मूळ आडनाव ओस्टरमायर. छायाचित्रणाच्या व्यवसायातून ते व त्यांचे बंधू पेटर चित्रपटाकडे वळले. पेटर यांनी पहिल्या महायुद्धानंतर म्युनिकमध्ये 'एमेल्का' ही चित्रपटसंस्था उभी केली. हिमांशू राय हे बंगाली तरुण बुद्धचरित्रावरील चित्रपटासाठी भागीदार शोधीत म्युनिकला पोहोचले, तेव्हा याच संस्थेने त्यांना यंत्रसामग्री, छायालेखक आणि दिग्दर्शक दिला. त्यातून १९२५ साली 'प्रेम संन्यास' निर्माण झाला. पुढे १९२८ साली 'शिराज' आणि १९२९ साली 'प्रपंच पाश' आले. राजवाडे, हत्ती, राजपुत्र आणि वैराग्य यांचा जो भारत युरोपला पाहावयाचा होता, तो या तीन मूकपटांनी त्याला दाखविला. त्यांतील छायालेखनाचे सौंदर्य आजही निर्विवाद आहे. पण त्या भारतात शेतकरी नव्हता आणि सावकारही नव्हता.

त्याच १९२५ साली कोल्हापुरात काय घडत होते, ते येथे आठवणे अगत्याचे आहे. स्वत:च्या हातांनी कॅमेरा घडविणारे बाबूराव पेंटर नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' काढीत होते. जमीन गमावून देशोधडीला लागणाऱ्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम होते. ओस्टेन यांच्या पाठीशी म्युनिकची संस्था व जयपूर दरबारचे साहाय्य होते. कोल्हापूरच्या मंडळींपाशी घरचे यंत्र आणि घरचे दु:ख होते. साधनांची श्रीमंती आणि आशयाची श्रीमंती एकाच पेटीत येत नाहीत, हे त्या एका वर्षाने दाखवून दिले.

१९३४ साली राय व देविकाराणी यांनी मळाड येथे बॉम्बे टॉकीज स्थापन केली. तिचा कारभार सुसज्ज स्टुडिओ, भागभांडवलाची कंपनी आणि शिस्तीचे वेळापत्रक यांवर चालणारा होता. ओस्टेन तेथे दिग्दर्शक, जोसेफ वीर्शिंग छायालेखक आणि कार्ल फॉन श्प्रेटी नेपथ्यकार होते. १९३५ च्या 'जवानी की हवा'पासून १९३९ च्या 'कंगन'पर्यंत ओस्टेन यांनी डझनाहून अधिक बोलपट केले. त्यांना हिंदी येत नव्हते. संवाद दुसऱ्याने समजावून द्यावयाचे आणि ओस्टेन यांनी चेहरा, हालचाल, प्रकाश पाहून चित्रण मंजूर करावयाचे, अशी ती पद्धत होती. या जर्मन तंत्रज्ञांच्या हाताखाली भारतीय कारागिरांची एक पिढी तयार झाली, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. वीर्शिंग यांनी तर पुढे भारतालाच आपले घर मानले. 'महल' आणि 'पाकीजा' यांच्या छायालेखनात त्यांचा हात आहे. ज्ञानाला राष्ट्राची सीमा नसते, हे समाजवादी चळवळ नेहमीच सांगत आली आहे.

'अछूत कन्या'ची कथा निरंजन पाल यांची. फाटकावरचा अस्पृश्य पहारेकरी दुखिया सर्पदंश झालेल्या ब्राह्मण दुकानदाराचे विष तोंडाने ओढून काढतो आणि दोन कुटुंबांचा स्नेह जुळतो. दुकानदाराचा मुलगा प्रताप आणि दुखियाची मुलगी कस्तुरी लहानपणापासून एकमेकांवर जीव लावतात. अशोककुमार व देविकाराणी यांच्या त्या भूमिका. गाव खवळते, दोघांची लग्ने आपापल्या जातीत होतात. अखेर संशयाने पेटलेला नवरा आणि प्रताप रुळांवर झुंजत असताना, धावत येणारी गाडी थांबविण्यासाठी कस्तुरी पुढे होते आणि गाडीखाली मरते. त्या काळी ब्राह्मण मुलाचे अस्पृश्य मुलीवरील प्रेम पडद्यावर दाखविणे हे धाडस होते, यात शंका नाही.

पण त्या अंताकडे नीट पाहिले पाहिजे. कस्तुरी मरते आणि गाव जसेच्या तसे राहते. पाणवठा तोच, पंगत तीच, जमाव तोच. फक्त त्या जमावाला आता एका पुण्यवान मुलीची आठवण मिळते. जी जिवंत असताना गावात मावत नव्हती, ती मेल्यावर वंदनीय ठरते. प्रेक्षक डोळे पुसून बाहेर पडतो आणि आपले अंत:करण किती कोमल आहे, या समाधानात घरी जातो. त्याच्याकडून कोणीही काहीही मागितलेले नसते. कथेत अस्पृश्य माणूस उपकार करतो, सोसतो आणि मरतो; तो मागणी मात्र करीत नाही. मागणी न करणाऱ्या पीडितावर दया करणे कोणत्याही व्यवस्थेला परवडते.

ओस्टेन यांच्या आयुष्यातील विसंगती येथे उलगडू लागते. दया करणाऱ्याला आपले आसन सोडावे लागत नाही. हिंदुस्थानातील जातीचा अन्याय ओस्टेन यांच्यासाठी परमुलखातील एक हृदयद्रावक विषय होता. त्यांच्या स्वत:च्या देशात मात्र १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले होते आणि ज्यू व इतर जर्मन यांच्यातील विवाह गुन्हा ठरविला होता. प्रताप आणि कस्तुरी यांच्या मध्ये हिंदुस्थानात रूढी उभी होती. जर्मनीत तीच भिंत सरकारी राजपत्राने उभारली होती. पहिल्या भिंतीपाशी चित्रण करणाऱ्या माणसाने दुसऱ्या भिंतीला सभासदत्वाची सही दिली.

यावर दोन आक्षेप घेतले जातील, आणि दोहोंत तथ्यांश आहे. पहिला असा की, चित्रपटाचा आशय लेखक पाल व निर्माते राय यांचा. दिग्दर्शक केवळ कसबी कारागीर. हे बव्हंशी खरे असेल. परंतु त्यामुळे मुद्दा अधिकच गंभीर होतो. आपण कशासाठी प्रकाश पाडीत आहोत, याची पर्वा न करणारे कसब कोणाच्याही चाकरीस उभे राहते. दुसरा आक्षेप असा की, हे सभासदत्व श्रद्धेचे नसून सोयीचे असेल. त्या राजवटीत अनेकांनी धंदा सांभाळण्यासाठी सही केली. हेही शक्य आहे. पण कोणतीही अत्याचारी राजवट केवळ कट्टर श्रद्धावानांच्या बळावर उभी राहत नाही. तिचा खरा आधार सोय पाहणाऱ्या सज्जनांचा असतो. म्युनिकपासून हजारो मैल दूर, मुंबईत बसलेल्या मनुष्याला सही न करण्याची मोकळीक घरी राहिलेल्यांपेक्षा अधिकच होती.

त्याच मुंबईत तेव्हा दुसऱ्या प्रकारचे युरोपीयही राहत होते. वॉल्टर कॉफमन हे ज्यू संगीतकार १९३४ साली प्रागहून मुंबईस आले आणि पुढे नभोवाणीत काम करू लागले. आकाशवाणीच्या परिचित संकेतधूनीचे श्रेय त्यांना दिले जाते. एका शहरात एकाला घर तोडून आश्रय शोधावा लागत होता आणि दुसरा ते घर तोडणाऱ्या पक्षाची वर्गणी भरीत होता. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले तेव्हा ब्रिटिश सरकारने ओस्टेन व त्यांचे जर्मन सहकारी यांना स्थानबद्ध केले. लीला चिटणीस यांची भूमिका असलेला 'कंगन' सहकाऱ्यांना पुरा करावा लागला. त्या सरकारने नाझी आणि नाझींपासून पळून आलेले ज्यू निर्वासित अशा दोघांनाही 'शत्रुराष्ट्रीय' ठरवून प्रारंभी एकाच मापाने मोजले, हा साम्राज्यशाहीचा न्यायही विसरता कामा नये. वयामुळे ओस्टेन यांना १९४० साली मायदेशी जाऊ दिले गेले. पुन्हा भारतात त्यांनी चित्रपट केला नाही. बाव्हेरियातील बाड आयब्लिंग येथे १९५६ साली ते निवर्तले.

मग 'अछूत कन्या' टाकून द्यावी काय? मुळीच नाही. दिग्दर्शकाच्या सभासदत्वामुळे कस्तुरीचे दु:ख खोटे ठरत नाही, आणि पुस्तके जाळण्याचा मार्ग तर ज्यांच्या पक्षात ओस्टेन गेले त्यांचाच होता. चित्रपट पाहावा, दाखवावा. मात्र पाहून झाल्यावर दिवा लावून चर्चा करावी. त्याच्या शेजारी प्रभातचा १९३५ चा 'धर्मात्मा' ठेवावा. कोल्हापुरात जन्मलेल्या त्या संस्थेने अस्पृश्यांसह जेवणारा एकनाथ उभा केला, तेव्हा चित्रपटाचे मूळ 'महात्मा' हे नाव सरकारी परीक्षकांना सोसवले नाही आणि ते बदलावे लागले. तेथेही उद्धारकर्ता वरच्या जातीचा संतच आहे, हे खरे. तरीही त्या नावात सत्तेला धोका दिसला. नंतर २०१३ मधील नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' पाहावा. त्यातील जब्या अखेरीस दगड उचलतो आणि तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने भिरकावतो. मरून प्रेक्षकाला पुण्य देणारी कस्तुरी आणि जगून त्याला जाब विचारणारा जब्या यांच्यामध्ये ७७ वर्षांचे अंतर आहे. हे अंतर सिनेमाने एकट्याने कापलेले नाही. महाड, दलित साहित्य आणि नामांतराचा लढा यांनी ते कापले आहे.

आणि त्या वाटेच्या आरंभी माणगाव आहे. तेथे कोणी कोणासाठी रडले नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला तेच बोलले, त्यांनीच ठराव मांडले आणि 'मूकनायक'ने ते छापले. सत्ताधारी छत्रपती तेथे आले ते अश्रू ढाळण्यासाठी नव्हे, तर तुमचा पुढारी तुम्हांला मिळाला आहे असे सांगून स्वत: बाजूला होण्यासाठी. आसन सोडण्याची तयारी असलेली सहानुभूती कशी असते, याचा तो नमुना होता. १९०२ साली मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांतील निम्म्या जागा राखून ठेवणाऱ्या राजालाच ते साधू शकत होते, कारण त्याची करुणा आधीच कायद्यात उतरली होती.

कार्यकर्त्यांनी स्वत:ला एवढेच विचारावे. मार्चमध्ये माणगावला फुले वाहून परतल्यावर आपल्या गावच्या स्मशानभूमीचा, आंतरजातीय लग्न करून आलेल्या जोडप्याला लागणाऱ्या भाड्याच्या खोलीचा, इचलकरंजीच्या मागावर रात्रपाळी करणाऱ्या कामगाराचा प्रश्न सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर येतो काय? की स्मृती जागवून मन हलके झाले, एवढ्यावर काम संपते? अन्यायाचे चित्र पाहून हेलावणारा मनुष्य अन्याय करणाऱ्यांच्या यादीत नाव घालू शकतो, हे ओस्टेन यांच्या आयुष्याने सिद्ध केले आहे. म्हणून माणसाची परीक्षा अंधारात त्याच्या डोळ्यांत आलेल्या पाण्याने करू नये. त्याची सही कोणत्या कागदावर आहे, हे पाहावे.