जमिनीचा पैसा आणि महागाईचं माप



चाकण औद्योगिक वसाहतीत जमीन गेलेल्या एका शेतकऱ्याने परवा मला चावडीवर विचारले, "साहेब, कांदा पडला की महागाई उतरली म्हणतात. मग माझ्या ठेवीचं बरं झालं का वाईट?" प्रश्न साधा वाटला तरी विचार करण्याजोगा आहे.

महागाईची मुख्य मापे दोन. घाऊक किंमत निर्देशांकात डॉक्टरची फी, शाळेची फी, एसटीचे भाडे धरत नाहीत. ग्राहक किंमत निर्देशांकात धरतात. २०१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेत ग्रामीण ग्राहक निर्देशांकात खाण्यापिण्याचा वाटा ५४ टक्के होता, शहरी निर्देशांकात ३६.

वावर आहे तोवर आपण विकणारे. कांदा महागला तर चाकणच्या बाजारात चार पैसे जास्त मिळतात. जमीन गेली की तोच कांदा आपण विकत घेतो. मग महागाईत आपल्या वाट्याला फक्त खर्च उरतो.

आता हिशेब करा. एक लाखाच्या ठेवीला ७ टक्के व्याज, महागाई ६ टक्के. हाती सात हजार आले, पण त्यातले सहा हजार मुद्दलाची झीज भरायलाच हवेत. सगळे व्याज खाल्ले तर बारा वर्षांत मुद्दलाची किंमत निम्मी होते. शिवाय शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, ठेवीच्या व्याजावर आहे.

यावर एक उपाय निघाला होता. जून २०१३ चे रोखे घाऊक निर्देशांकाशी जोडलेले होते. डिसेंबर २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहक निर्देशांकाशी जोडलेले दहा वर्षांचे बचत रोखे आणले. महागाईचा दर अधिक दीड टक्का व्याज, किमान पाच हजार रुपये. पुढे महागाई उतरली, तसे व्याजही उतरले. त्या वेळी नऊ टक्क्यांच्या आसपास लांब मुदतीची ठेव ठेवणारा पुढे राहिला. तरी ते रोखे वाईट नव्हते. कुंपण पीक वाढवत नाही, राखतं.

त्या रोख्यांची मुदत संपली. माझं मत असं, की भूसंपादनाचा मोबदला देतानाच असे रोखे पुन्हा द्यावेत. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत तसा ठराव घ्यावा.

तोवर एवढं करा. दर पाडव्याला घरच्या दहा जिनसांचे आणि शाळा-दवाखान्याचे दर वहीत लिहा. खर्च जेवढे टक्के वाढला, तेवढे व्याज मुद्दलात परत टाका, आणि मगच उरलेलं खर्चाला काढा.