गाभोळीची कोळंबी घेणं बंद करा

पावसाळी मासळीच्या धंद्यावरच्या व्हिडिओत एक मुद्दा घाईत गेला, तो इथे नीट मांडतो. खाडीकाठी खरेदी करणारे आणि हॉटेलवाले, हे तुमच्यासाठी आहे.

आपल्या कोकणातल्या नद्यांत लांब निळ्या नांग्यांची मोठी कोळंबी मिळते. बाजारात तिला स्कॅम्पी म्हणतात. ही राहते गोड्या पाण्यात, पण पावसाळ्यात अंडी घेऊन मादी खाडीच्या मचूळ पाण्याकडे उतरते. अंडी साधारण तीन आठवडे पोटाखाली असतात, आधी नारिंगी, फुटायच्या वेळी करडी. पिल्लांना सुरुवातीच्या थोड्या दिवसांत मचूळ पाणी मिळालं नाही तर ती जगत नाहीत. (हे शाओ-वेन लिंग यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात शोधलं, तेव्हा कुठे हॅचरी शक्य झाली.) मग पिल्लं पुन्हा वर नदीत चढतात.

म्हणजे मादी खाली येते तेव्हाच ती पागात सहज सापडते. आणि आपण काय करतो? गाभोळी आहे म्हणून वर चार पैसे जास्त देतो! भरलेल्या मोठ्या मादीजवळ ऐंशी हजारांपर्यंत अंडी असू शकतात. धंद्याच्या भाषेत ती माल नाही, भांडवल आहे.

१ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी समुद्रातल्या यांत्रिक नौकांना आहे. नदीत पाग टाकणाऱ्याला ती थांबवत नाही. त्याला थांबवू शकतो तो फक्त खरेदीदार.

'शेततळ्यात होते की, नदीची कशाला काळजी?' असं बरेच जण म्हणतात. देशातली स्कॅम्पी शेती २००५च्या सुमारास जोरात होती, पुढच्या काही वर्षांत कोसळली. बियाण्याचा दर्जा घसरला, वाढ मंदावली, रोग आले. भुवनेश्वरच्या 'सीफा' संस्थेला सुधारित वाण करायचं होतं, तेव्हा मूळ साठा गुजरात, केरळ आणि ओडिशातल्या जंगली कोळंबीतूनच आणावा लागला. नदीच रिकामी झाली तर पुढचं बियाणं कुठून आणणार?

आता पागवाल्याच्या चुलीचं. पावसात त्याला दुसरं काम नसतं, त्यामुळे 'पकडू नको' हे फुकट सांगणं मला पटत नाही. माझं म्हणणं, भाव मे महिन्यातच ठरवा. मोठ्या नराला किलोमागे जास्त, गाभोळीवालीला शून्य, बारीक मालालाही शून्य. पागातली मादी बहुतेक वेळा जिवंत असते, जागेवरच पाण्यात सोडता येते. एका गावाला खरेदीदार असतात दोन-तीन. 'मी नाही घेतली तर दुसरा घेईल' म्हणता ना? मग त्या दुसऱ्याला आधी चहाला बोलवा, दोघांचा भाव एकच ठेवा. आणि हॉटेलवाल्यांनो, जून ते ऑगस्ट मेनूवरून 'गाभोळी स्पेशल' काढा.