वारा घालणारे लोक

माझी मोटार गरम होते, हे वाक्य मी चारचौघांत उच्चारले ही माझी पहिली चूक. माणसाला ताप आला तर निदान दोघेतिघे तरी 'डॉक्टरला दाखवा' म्हणतात. मोटारीला ताप आला की जो तो स्वतःच डॉक्टर होतो! आणि हल्ली या सगळ्या डॉक्टरांचे औषधही एकच आहे. "तो जुना पंखा फेका हो, इलेक्ट्रिक टाका!"

या औषधाविरुद्ध मला आज जरा घसा मोकळा करायचा आहे. पोळलेला माणूस आहे मी.

माझी गाडी म्हणजे १९७४ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातली, वडिलांनी घेतलेली. तिच्या काळ्यापिवळ्या बहिणी मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ साली निवृत्त झाल्या. ही अजून पुण्यात नोकरीवर आहे. १,०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगपाशी गिअरचा दांडा, आणि रेडिएटरच्या मागे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा. वडील होते तोवर तिने घाटात कधी मान टाकली नाही. माझ्या हाती आल्यावर सिग्नललासुद्धा तिचा काटा लाल होऊ लागला. वारसा हक्काने मला गाडी मिळाली, वडिलांचा स्वभाव गाडीला मिळाला.

आमचे मेहुणे या विषयातले अधिकारी. त्यांचे क्वालिफिकेशन म्हणजे त्यांच्याकडे नवी गाडी आहे. ते म्हणाले, "भावोजी, हा पंखा इंजिनाच्या जिवावर फिरतो. इंजिन हळू तर पंखा हळू. ट्रॅफिकमध्ये वारा पाहिजे तेव्हा हा पेंगतो, आणि हायवेला समोरून फुकटचा वारा येत असतो तेव्हा हा जोरात फिरून तुमचं पेट्रोल खातो."

आता यात खोटे काय आहे? काहीच नाही! म्हणून तर फसलो. खोटे बोलणारा मेहुणा परवडतो, अर्धे खरे बोलणारा परवडत नाही. पंख्याचा वेग दुप्पट झाला की तो आठपट ताकद खातो, हेही खरे. चाळीसेक घोड्यांच्या गाडीतला एखादा घोडा नुसता वारा घालायला ठेवायचा म्हणजे सरंजामीच झाली. शिवाय "मारुतीला १९८३ पासून इलेक्ट्रिक पंखा आहे, मारुतीवाले मूर्ख होते का?" हा ब्रह्मास्त्राचा प्रयोगही झाला. मारुतीवाले मूर्ख नव्हते. त्यांचे इंजिन आडवे आहे, त्याच्या पुलीचे तोंड चाकाकडे आणि रेडिएटरचे रस्त्याकडे. तिथे पट्ट्याचा पंखा लावायचा म्हणजे स्वयंपाकघरातला पंखा फिरवून दिवाणखाना गार करायचा. पण हे मला नंतर सुचले. मला सगळी उत्तरे जिना उतरल्यावर सुचतात.

"आणि पट्टा तुटला तरी काळजी नाही," मेहुण्यांनी शेवटचा खिळा मारला. वाचकहो, पट्टा काही नुसता पंखा फिरवत नाही. वॉटर पंप फिरवतो, डायनॅमो फिरवतो. पट्टा तुटल्यावर पंखा गरगरत राहील, पण पाणीच जागेवर थांबले तर तो वारा घालणार कुणाला? हे म्हणजे भटजी आले नाहीत तरी चालेल, बँडवाले आलेत ना!

असो. साडेआठ हजार रुपये मोजून पंखा बसला. पहिल्या दिवशी तारा उलट जोडल्यामुळे तो उलटा फिरत होता आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याला पुढे ढकलून देत होता. रेडिएटरला कागदाचा कपटा लावून बघा, आत ओढून चिकटला तर पंखा सुलटा, हे ज्ञान मला त्या दिवशी मिळाले. तारा बदलल्या. पंखा घूंऽऽ करून सुरू झाला. मेहुण्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

फक्त तो थांबत नव्हता. पाणी तापले की सुरू व्हायचे आणि निवले की बंद व्हायचे, असा त्याचा करार. पण आमचे पाणी निवतच नव्हते! मला तेव्हाच कळायला हवे होते.

मे महिन्यात साताऱ्याला लग्नाला निघालो. खंबाटकी घाटात ट्रक बंद पडलेला, मागे मैलभर गाड्या. दहा पावले चाला, दहा मिनिटे थांबा. मी निर्धास्त. वारा घालायला विजेचा माणूस ठेवलेला होता ना! पण वीज कुठून येते हा विचार ना मी केला होता ना मेहुण्यांनी. नव्या गाडीत अल्टरनेटर असतो, तो इंजिन मंद असतानाही बऱ्यापैकी करंट देतो. माझ्या गाडीत डायनॅमो. इंजिन मंद असताना तो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे जिथे पंखा सर्वांत जास्त खातो, नेमकी तिथेच घरात कमाई शून्य. सगळा खर्च बॅटरीतल्या पुंजीवर. दोन तासांनी पुंजी संपली. पंखा थांबला, प्लगला ठिणगी मिळेना, आणि इंजिनाने चढावर मान टाकली. हॉर्नसुद्धा वाजेना. मागच्या बसमधल्या पाचसहा जणांनी गाडी ढकलून कडेला लावली. "आजोबा, घरी लावून ठेवा हिला आता," त्यातला एक प्रेमाने म्हणाला. मी चौसष्ट वर्षांचा आहे. त्याने मला म्हटले की गाडीला, हे मी विचारले नाही.

लग्न लागून गेले. सौभाग्यवतींच्या सख्ख्या भाचीचे लग्न होते. ती घाटात दगडावर बसून राहिली, भरजरी शालूत, एक शब्द न बोलता. डायनॅमोची मर्यादा काय असते ते मी तिला समजावून सांगायला लागलो, तेव्हा तिने फक्त माझ्याकडे पाहिले. त्या नजरेने रेडिएटर गार झाला असता.

पुढे रेडिएटरवाल्याने वरची टाकी उघडली तेव्हा निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या. बारा वर्षे मी त्यात बोअरचे पाणी ओतत होतो. वडील नळाचे पाणीसुद्धा उकळून, गाळून घालायचे, आणि त्यावरून मी त्यांना हसायचो. झाकणाचे रबरही फाटलेले. शिट्टी नसलेला कुकरच तो. नळ्यांत सळया घालून साफसफाई, नवे झाकण, सगळे मिळून अठराशे रुपये.

माझे भांडण विजेच्या पंख्याशी नाहीच. आधी रेडिएटर साफ करा, अल्टरनेटर बसवा, जाड वायर, फ्यूज आणि रिले घाला, आणि मग खुशाल तो पंखा लावा. शहरातल्या गर्दीत जुन्यापेक्षा सरस चालेल. माझे भांडण आहे ते नळी तुंबली असताना वारा घालायला धावणाऱ्या लोकांशी. त्यांना निदान नको असते, खरेदी हवी असते.

जुना पंखा मी भंगारात दिला होता. तसा आता कुठे मिळेल म्हणून तोंड पाडून मेकॅनिककडे गेलो, तर म्हाताऱ्याने गॅरेजच्या भिंतीवरून तोच काढून दिला. पुसून, तेल लावून ठेवलेला.

"भंगारवाल्याकडून परत घेतला मी," तो म्हणाला. "माहीत होतं, येणार तुम्ही."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही तर सांगायला आला होता."

पंखा बसला, काटा मधोमध उभा आहे. कालच मेहुणे येऊन गाडीतून फिरून गेले. उतरताना म्हणाले, "गार चालते हो आता. पण भावोजी, हा कार्ब्युरेटर मात्र..."