डोळे उघडले, पण नजर?

डोक्याला जबर मार लागलेला माणूस संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात आणला. काही दिवसांनी त्याने डोळे उघडले की घरची मंडळी म्हणतात, "आला शुद्धीवर!" पण जाग येणे निराळे, भान येणे निराळे. मेंदूचा बुंधा काम करू लागला की पापण्या उघडमिट करतात, बुबुळेही फिरतात. तेवढ्याने भान आले असे होत नाही.

मुंबईच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग १९७३च्या हल्ल्यानंतर २०१५पर्यंत अंथरुणावर होत्या. त्यांना कळते, असे सांभाळणाऱ्या परिचारिका सांगत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अन्न बंद करण्याची मागणी फेटाळली.

भान परतताना नजर पाठलाग करू लागते, ही पुष्कळदा पहिली खूण. ती पाहायला दाढीचा आरसाही चालतो. डॉक्टरांना विचारून, रोगी जागा असताना, त्याची मान न हलवता, आरसा चेहऱ्यापुढे अर्ध्या वितेवर धरा आणि सावकाश डावीउजवीकडे, वरखाली न्या. दिव्यामागे न जाणारी नजर कधी स्वतःच्या चेहऱ्यामागे जाते. सकाळी जमले नाही तर दुपारी पाहा. भान येतजात असते. दिसेल ते वेळेसह वहीत टिपा आणि डॉक्टर फेरीला आले की दाखवा.